घरी इंजिन बांधल्यावर टायमिंग लावताय? आधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघा

इंजिन खोललं, रिंगा-पिस्टन, बेअरिंग, वॉल्व ग्राइंडिंग सगळं स्वतः केलं, परत गाडीत चढवलं, आता फक्त सेल्फ मारायचा राहिलाय आणि नेमका इथे येऊन हात थबकतो. थबकू दे, चांगलंच आहे. मी पहिल्यांदा इंजिन बांधलं तेव्हा थबकलो नव्हतो, सरळ चावी फिरवली आणि कार्बोरेटरमधून अशी जाळाची जीभ बाहेर आली की एअर फिल्टरचा कागद एका बाजूने करपला. मग अख्खी दुपार कार्बोरेटर खोल, जेट साफ कर, फ्लोट बघ असं करण्यात गेली, आणि कार्बोरेटरचा काहीएक दोष नव्हता, डिस्ट्रीब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) उलटा बसला होता. तर खाली लिहितोय ते पॉइंटवाल्या (डिस्ट्रीब्युटरमध्ये उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क असलेल्या), कार्बोरेटरवाल्या जुन्या पेट्रोल गाडीसाठी आहे, आणि क्रम बदलू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर भरवसा ठेवून असते.

टायमिंग म्हणतो तेव्हा खरंतर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (वॉल्व उघडणारा दांडा) यांची जोडी, चेन किंवा बेल्टने बांधलेली, म्हणजे वॉल्व कधी उघडायचे ते. दुसरी म्हणजे प्लगला करंट कधी मिळायचा ते. पहिली चुकली तर बऱ्याच इंजिनांत वॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात. दुसरी चुकली तर गाडी गरम होते, नॉकिंग करते (टिणटिण आवाज), नाहीतर चालूच होत नाही. आणि दोन्ही गोष्टी एकाच बिंदूवरून मोजल्या जातात, तो म्हणजे टीडीसी, वन नंबरचा पिस्टन अगदी वर आलेला क्षण. तो बिंदूच चुकीचा धरला तर पुढे कितीही भारी टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावा, तुम्ही चुकीचा आकडा अगदी अचूक लावणार, बास.

क्रँकच्या टोकावरच्या पुलीवर कंपनीने टीडीसीची खूण दिलेली असते ना, मग काय प्रश्न? प्रश्न असा की बऱ्याच पुल्या दोन भागांच्या असतात, आतला भाग आणि बाहेरची कडी आणि मध्ये रबर. रबर म्हातारं झालं की बाहेरची कडी हळूहळू सरकते आणि खूण तिच्यावरच असते. माझ्या दुसऱ्या इंजिनाला हेच झालं, गाडीच्या सर्व्हिसच्या पुस्तकातल्या आकड्यावर टायमिंग लाइटने लावलेलं, तरी गाडी तापायची आणि चढावर नुसती रडायची, शेवटी तपासलं तेव्हा खूण तब्बल १४ डिग्री सरकलेली निघाली. शिवाय इंजिन खोलताना दुसरी पुली बसवली असेल, टायमिंग कव्हर बदललं असेल तर इंजिनावरचा स्थिर काटा आणि पुलीवरची खूण एकमेकांचे असतीलच असं नाही.

म्हणून टीडीसी स्वतः शोधा. हेड अजून बसवलं नसेल तर नशीबवान आहात, डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) पिस्टनवर टेकवा. पण गेज सगळ्यात वर थांबला तिथेच खूण केली असं करू नका, कारण पिस्टन वर पोचला की क्रँक काही डिग्री फिरला तरी तो जवळजवळ हलतच नाही, डोळ्याला आणि गेजलाही कळत नाही नेमकं टोक कुठे ते. त्याऐवजी वर पोचायच्या आधी, समजा १ मिलीमीटर खाली असताना पुलीवर काट्यासमोर खूण करा, मग टोक ओलांडून परत १ मिलीमीटर खाली उतरल्यावर दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये खरा टीडीसी.

हेड बसलेलं असेल तर हीच युक्ती पिस्टन स्टॉपने करायची. जुना प्लग घ्या, आतलं चिनीमातीचं काढून टाका, आटे पाडून त्यातून एक बोल्ट आरपार घाला, टोक गोल घासून घ्या म्हणजे पिस्टनला ओरखडा नको. सगळे प्लग काढा, स्टॉप वन नंबरला लावा आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने, अगदी हलक्या हाताने फिरवा. टेकला की काट्यासमोर खूण. मग उलट दिशेने फिरवत आणा, परत टेकला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं जे छोटं अंतर आहे त्याचा मध्य म्हणजे टीडीसी. बोल्ट फार आत घालू नका, उघडा वॉल्व त्याच्यावर टेकू शकतो, आणि स्टॉप लावलेला असताना सेल्फला हात लावायचा नाही, बॅटरीची वायरच काढून ठेवा म्हणजे कोणी उत्साही मदतनीस चावी फिरवणार नाही.

आता डिग्रीच्या खुणा. डिग्रीचं चक्र असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. कागदी टेपची पट्टी पुलीभोवती बरोबर एक वेढा गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथे कापा, सोडवून सरळ करून मोजा आणि लांबीला ३६ ने भागा, झाले तुमचे १० डिग्री. १५० मिलीमीटर व्यासाच्या पुलीला वेढा साधारण ४७१ मिलीमीटर भरतो, म्हणजे १० डिग्रीला १३ मिलीमीटर आणि १ डिग्रीला जेमतेम १.३. यावरून लक्षात येईल की खूण जाड खडूने करून चालत नाही. बारीक रेघ मारा आणि तिच्यात पांढरा रंग भरा. आणि इथे भलेभले चुकतात, १० डिग्री आधीची खूण पुली ज्या दिशेने फिरते त्या दिशेला टीडीसीच्या पुढे असते, कारण ती काट्यासमोर आधी यायला हवी. उलट बाजूला केलीत तर १० आधीच्या जागी १० नंतर लावून बसाल, गाडी चालू होईल पण ढिम्म उठणार नाही.

चेन किंवा बेल्टचं फार लांबवत नाही, कारण कुठली खूण कुठे जुळवायची ते प्रत्येक इंजिनाचं वेगळं आहे आणि ते पुस्तकातच बघावं लागतं, अंदाजाने नाही. काही इंजिनांत दोन ठिपके समोरासमोर येतात, काहींत चेनच्या ठराविक कड्या मोजायच्या असतात. माझं म्हणणं एवढंच की बसवून झाल्यावर, टेन्शनर (चेन-बेल्ट ताणून धरणारा भाग) ताण देईल असा मोकळा सोडल्यावर, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे मारा आणि खुणा परत बघा. दोन का, तर क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. फिरवताना मध्येच कडक काहीतरी लागलं तर जोर लावू नका, ते वॉल्व आणि पिस्टन भेटलेले असू शकतात, थांबा आणि मागे या. क्रँकच्या गिअरला २० दात असतील तर एक दात चुकणं म्हणजे क्रँकचे १८ डिग्री, म्हणजे "एखादा दात इकडे तिकडे" हा प्रकारच नाही. आणखी एक, कॅम हेडमध्ये असलेलं इंजिन असेल आणि हेड घासून आणलं असेल तर कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि त्यामुळे कॅमचं टायमिंग थोडं मागे पडतं, म्हणजे वॉल्व उशिरा उघडतात, थोडंसं घासलं असेल तर सोडून द्या, जास्त घासलं असेल तर हे डोक्यात ठेवा. हेड घासल्याने कॉम्प्रेशनही वाढतं, ते पुढे नॉकिंगच्या वेळी आठवेल.

आता डिस्ट्रीब्युटर, माझी करपलेली एअर फिल्टर आठवा. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर ढकलताना. पुलीवरची खूण दोन्ही वेळेला काट्यासमोर येते, तिला फरक कळत नाही, तुम्हाला कळायला हवा. वन नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला पुली फिरवायला सांगा, कॉम्प्रेशनला हवा अंगठा फुर्रकन उचलते, तुम्ही दाबलंत तरी बाजूने निसटते, दुसऱ्या फेरीत काहीच जाणवत नाही. अजून खात्री पाहिजे तर टॅपेट कव्हर काढून बघा, वन नंबरचे दोन्ही रॉकर (वॉल्व दाबणारे हात) मोकळे, हाताने किंचित हलतात, आणि चार सिलिंडरमध्ये त्याच वेळी फोर नंबरचे वॉल्व अदलाबदली करत असतात, एक बंद होतोय आणि एक उघडतोय. हे दिसलं की वन नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आहे.

या जागेवर डिस्ट्रीब्युटर असा घालायचा की रोटरचं (आत फिरणाऱ्या भागाचं) टोक कॅपमधल्या (वरच्या झाकणातल्या) वन नंबरच्या खुंटीकडे बघेल. तिरप्या दातांचा गिअर असेल तर डिस्ट्रीब्युटर खाली जाता जाता रोटर स्वतःच थोडा वळतो, पहिल्यांदा सगळेच फसतात, मग बाहेर काढून तेवढंच आधी मागे ठेवून परत घालायचा. काहींना वाटतं की आपल्या डिस्ट्रीब्युटरची खाच एका बाजूला सरकलेली आहे म्हणून तो एकाच तऱ्हेने बसतो, उलटा बसणारच नाही. बरोबर, पण इंजिन खोलताना खालचा गिअरच काढला असेल तर तोच उलटा बसतो आणि मग वरचा डिस्ट्रीब्युटर बिचारा इमानदारीत उलटा बसतो. मग वायरी, रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) लावत जायची, सरळ चार सिलिंडरमध्ये बहुतेक १-३-४-२, पण काहींत १-२-४-३ पण असते, ब्लॉकवर किंवा पुस्तकात बघा.

टायमिंगला हात लावायच्या आधी पॉइंट. हा क्रम का, तर पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग आपोआप बदलतं. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं (ठिणगी लवकर पडते), कमी झाली की मागे (उशिरा). म्हणजे आधी टायमिंग लावून मग पॉइंट घासायला बसलात तर केलेलं सगळं वाया. डिस्ट्रीब्युटरच्या कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणा आणि फिलर गेज (ठराविक जाडीची पत्र्याची पट्टी) घाला, बहुतेक गाड्यांना ०.४ मिलीमीटरच्या आसपास असतं. गेज ओढताना लोण्यातून सुरी ओढल्यासारखं किंचित धरून सुटलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे आणि सैलही नको. जुने खड्डे पडलेले पॉइंट असतील तर गेज खोटं बोलतं, कारण ते टेकाडावर टेकतं, म्हणून इंजिन एवढं केलंच आहे तर पॉइंट नवेच टाका. टाचेला ग्रीसचा एक ठिपका लावा, जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं. आणि डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा, खुळखुळ करत असेल तर पुढे कितीही प्रयत्न केला तरी टायमिंग एका जागी थांबणार नाही.

आता बंद इंजिनावर टायमिंग. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण यात कुठलंही महागडं सामान लागत नाही, फक्त १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. पुस्तकातला आकडा घ्या, पॉइंटवाल्या बऱ्याच गाड्यांचा तो टीडीसीच्या आधी ५ ते १० डिग्रीत असतो. वन नंबर कॉम्प्रेशनवर ठेवून पुली त्या खुणेवर आणा, आणि फक्त चालायच्या दिशेनेच आणा, पुढे गेली तर थोडी उलटी आणून जागेवर टेकवू नका, चांगला अर्धा फेरा मागे जा आणि परत पुढे या, म्हणजे चेन आणि गिअरमधली ढील एकाच बाजूला राहते. बल्बची एक वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) त्या टोकाला जे डिस्ट्रीब्युटरकडे जातं, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चावी ऑन. पॉइंट बंद असतात तेव्हा बल्ब विझलेला असतो, उघडले की पेटतो, आणि पॉइंट उघडले म्हणजेच प्लगला करंट गेला.

डिस्ट्रीब्युटरचा बोल्ट इतकाच ढिला करा की बॉडी हाताने फिरेल पण स्वतः हलणार नाही. आधी बॉडी रोटरच्याच दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग रोटरच्या उलट दिशेने केसाएवढी, केसाएवढी आणा, आणि एका बोटाने रोटरला हलकेच फिरण्याच्या उलट दाबून धरा म्हणजे गिअरची ढील जाते. ज्या क्षणी बल्ब लुकलुकला तिथेच थांबा. कडक करा. आता लगेच खूश होऊ नका, बोल्ट आवळताना बॉडी हलतेच, म्हणून पुली अर्धा फेरा मागे नेऊन हळू पुढे आणा आणि बघा, खूण काट्यासमोर आली आणि बल्ब पेटला, दोन्ही एकाच वेळी? नसेल तर परत. मला पहिल्यांदा सहा-सात वेळा करावं लागलं होतं. आणि काम झाल्यावर चावी बंद करा, पॉइंट बंद असताना चावी ऑन राहिली तर कॉइल तापून जाते.

एक लक्षात ठेवायचं सूत्र, बॉडी रोटरच्या उलट फिरवली की टायमिंग पुढे, रोटरच्या दिशेने फिरवली की मागे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठल्याही गाडीवर गोंधळ होत नाही.

एवढी मेहनत बंद इंजिनावर का करायची, टायमिंग लाइट आहे ना नंतर? कारण कॅम. नवा कॅम आणि त्याच्यावर टेकणारे नवे सपाट टॅपेट टाकले असतील तर पहिल्या मिनिटापासून त्यांना तेल उडत राहायला हवं, म्हणून चालू झाल्या झाल्या इंजिन २००० ते २५०० आरपीएमवर साधारण २० मिनिटं ठेवतात, आयडलवर (एक्सलेटर न देता) नाही. ज्याचं टायमिंग लागलेलं नाही अशा इंजिनाला दहा-दहा मिनिटं सेल्फ मारत बसलात तर त्या हळू फिरण्यातच कॅमचे उंचवटे चाटले जातात. म्हणजे ते पहिल्या-दुसऱ्या सेल्फला चालू झालंच पाहिजे. त्याआधी प्लग काढून, कॉइलची वायर काढून, थोडा थोडा सेल्फ मारून ऑइल प्रेशर आलेलं बघा, किंवा ड्रिल लावून पंप फिरवता येत असेल तर त्याहून छान, पण पंप डिस्ट्रीब्युटरच्या गिअरवर चालत असेल तर हे डिस्ट्रीब्युटर बसवायच्या आधीच करावं लागतं.

चालू झालं, वीस मिनिटं झाली, गळती नाही, गरम झालंय. आता टायमिंग लाइट. चिमटा वन नंबरच्या प्लग वायरवर, लाल-काळी बॅटरीला. डिस्ट्रीब्युटरच्या बाजूच्या डबीला (व्हॅक्युमच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या) येणारी व्हॅक्युमची नळी काढा आणि कार्बोरेटरकडच्या टोकाला बूच मारा (पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर ते ऐका). आयडल पुस्तकात दिलंय तेवढं खाली आणा, बहुधा ७०० ते ८०० असतं. हे का महत्त्वाचं, तर डिस्ट्रीब्युटरमध्ये दोन वजनं असतात जी वेग वाढला की बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेतात, आयडल १२०० वर असेल तर ती आधीच थोडी उघडलेली असतात आणि तुम्ही त्या वाढीव आकड्यालाच मूळ आकडा समजून टायमिंग मागे लावून मोकळे व्हाल.

लाइट मारला की फिरती पुली थिजल्यासारखी दिसते आणि पांढरी रेघ काट्यासमोर उभी राहते. आणि इथे गंभीरपणे सांगतो, पंखाही तसाच थिजलेला दिसू शकतो. तो थांबलेला नसतो. बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी, लाइटची वायर, सगळं आवरून घ्या, आणि दार बंद करून हे करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही.

रेघ एका जागी स्थिर असेल आणि आकडा बरोबर असेल तर बोल्ट आवळा, आवळल्यावर परत लाइट मारा. रेघ नाचत असेल तर शाफ्ट खुळखुळतोय किंवा पॉइंटची प्लेट सैल आहे. मग कोणाला तरी एक्सलेटर द्यायला सांगा आणि रेघेकडे बघत राहा, ती फिरण्याच्या उलट बाजूला सरकत गेली पाहिजे, मऊपणे, झटके न देता, आणि ३००० च्या पुढे साधारण ३० ते ३६ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी थांबली पाहिजे, नेमकं किती ते गाडीप्रमाणे. जागची हललीच नाही तर वजनं गंजून अडकली आहेत, आणि हे जुन्या डिस्ट्रीब्युटरमध्ये इतकं सर्रास असतं की मी आता इंजिन बाहेर असतानाच ती खोलून साफ करून तेलाचा थेंब सोडतो. डबी तपासायची तर नळी तोंडाने ओढा, आतली प्लेट सरकली पाहिजे आणि जिभेने नळी दाबून धरली तर तशीच राहिली पाहिजे, परत आली तर पडदा फाटलाय.

वेग वाढला की करंट आधी का द्यावा लागतो ते एकदा हिशोबात बघा. हवा-पेट्रोल जळायला काही मिलीसेकंद लागतात, तो वेळ वेगाप्रमाणे फार बदलत नाही. ८०० आरपीएमला एका मिलीसेकंदात क्रँक पाच डिग्रीही फिरत नाही, ३००० ला १८ डिग्री फिरतो. म्हणून तोच स्फोट पिस्टन नुकताच खाली निघालाय अशा वेळी जोरात व्हायचा असेल तर ठिणगी आधी टाकावी लागते.

आता रस्ता. इंजिन नवं आहे त्यामुळे फार ताणायचं नाही, पण थोडं धावल्यावर टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, हलक्या चढावर एक्सलेटर दाबून बघा. डब्यात गोट्या हलवल्यासारखा टिणटिण आवाज आला तर टायमिंग जास्त पुढे आहे, एक-दोन डिग्री मागे घ्या, आणि तो आवाज ऐकत गाडी चालवू नका, पिस्टन फुटतात. सेल्फ मारताना गरम इंजिन उलट धक्का देत असेल तरी तेच. उलट गाडी जड वाटते, तापते, बंद केल्यावर सायलेन्सरकडचं मॅनिफोल्ड लालसर दिसतं, तर टायमिंग मागे आहे. पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आणि कंपनीच्या कॉम्प्रेशनसाठी आहे, तुमचं हेड घासलेलं आहे, पेट्रोल वेगळं आहे, त्यामुळे शेवटचे एक-दोन डिग्री कानाने ठरवले तर काही पाप नाही. पण फक्त शेवटचे एक-दोन. सुरुवातीपासूनच कानाने लावणारे मिस्त्री मी पाहिलेत, ते गाडी छान पळवून दाखवतात आणि महिन्याने तीच गाडी परत येते.

पाचशे-सातशे किलोमीटर झाल्यावर पॉइंट परत उघडा. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला पटकन झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग हळूच मागे सरकतं, म्हणून आधी गॅप, मग लाइट. सगळं बरोबर बसलं की डिस्ट्रीब्युटरच्या बॉडीवर आणि खाली ब्लॉकवर मिळून एकच बारीक रेघ खरवडून ठेवा, आणि कॅपच्या बाहेर वन नंबरच्या जागेसमोर बॉडीवर रंगाचा ठिपका द्या, पुढच्या वेळी डिस्ट्रीब्युटर काढायची वेळ आली तर या दोन खुणांवरून अर्ध्या तासात परत जागेवर बसतो.